पासिंग कागदाचे, की गाडीचे?

विजयादशमीच्या सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या कोणत्याही वसाहतीतून फेरफटका मारला, तर दारोदारी धुऊनपुसून उभी केलेली वाहने दिसतात. हँडलला झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि पुढ्यात फोडलेला नारळ. ज्या साधनावर आपले पोट चालते, त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, ही आपल्या समाजाची फार जुनी आणि सुंदर रीत आहे. परंतु या रीतीचा एक अर्धा भाग आपण विसरलो आहोत. खंडेनवमीला शस्त्रे बाहेर निघत, ती केवळ गंधफुलासाठी नव्हे. त्यांचा गंज काढला जाई, धार पाहिली जाई, मूठ सैल झाली असेल तर ती आवळली जाई. पूजा आणि पारख ही दोन्ही कामे एकाच दिवशी होत. वाहनाच्या बाबतीत पूजा तेवढी उरली आणि पारख सुटली. माळ घातलेल्या गाडीच्या ब्रेकचे लायनर कधी पाहिले होते, टायरवरची नक्षी किती उरली आहे, मागचा लाल दिवा लागतो की नाही, हे त्या दिवशी फारसे कोणी पाहत नाही.

ही पारख समाजाने सोडली, म्हणून कायद्याला ती करावी लागते. कायद्याच्या भाषेत तिला वाहनाची योग्यता तपासणी म्हणतात. बोलीत तिला सगळेच ‘पासिंग’ म्हणतात. या एका शब्दात आपल्या व्यवस्थेचे सारे दुखणे सामावलेले आहे. परीक्षेला बसण्याआधीच उत्तीर्ण होणे गृहीत धरलेला हा शब्द आहे. ‘गाडी तपासायला नेली’ असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. ‘गाडी पासिंगला नेली’ असेच म्हणतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५६ व्या कलमानुसार प्रवासी वा मालवाहतूक करणाऱ्या प्रत्येक वाहनाजवळ वैध योग्यता प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. ते नसेल, तर त्या वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. म्हणजे क्रमांकाची पाटी लावलेली असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती गाडी रस्त्यावर नसल्यासारखीच. ही तरतूद आजची नाही. त्याआधीच्या १९३९ च्या कायद्यातही ती होतीच. मालट्रक, बस, रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, शाळेची बस ही सारी वाहने या कक्षेत येतात.

मुदतीचे गणित २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये बदलले. नव्या वाहतूक वाहनाला पहिली २ वर्षे प्रमाणपत्र मिळते. वाहन ८ वर्षांचे होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. त्यापूर्वी पहिली २ वर्षे संपली की दरवर्षीच तपासणी होती. ही सवलत देताना गृहीत धरले गेले की, नवे वाहन भरवशाचे असते. परंतु आपल्याकडे मालट्रक आणि रिक्षा ज्या वेगाने झिजतात, ते पाहता वाहनाचे वय वर्षांत मोजावे की किलोमीटरमध्ये, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. दिवसाला दीडशे किलोमीटर धावणारी शेअर रिक्षा आणि रविवारी देवदर्शनाला निघणारी मोटार ही दोन्ही ‘४ वर्षांची वाहने’ असली, तरी ती एका वयाची खचितच नव्हेत.

घरगुती वाहनांचा मार्ग वेगळा आहे. स्वतःच्या वापराची मोटार वा दुचाकी एकदा नोंदवली की तिची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मधल्या १५ वर्षांत सक्ती आहे ती केवळ पीयूसीची, म्हणजे धुराच्या तपासणीची. गाडीतून धूर किती निघतो, हे आपण ठरावीक मुदतीने पाहतो. परंतु ती गाडी वेळेवर थांबते का, हे १५ वर्षे कोणीही पाहत नाही. हा विरोधाभास पुरेसा बोलका आहे.

अडीचशे मीटरचा प्रश्न

तपासणी म्हणजे नेमके काय, याचा निकाल अखेर न्यायालयालाच लावावा लागला. पुण्यातील एका जागरूक नागरिकाने योग्यता प्रमाणपत्रे कशी दिली जातात, याविषयी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्या सुनावणीत जे चित्र पुढे आले, ते लाजिरवाणे होते. ब्रेकची चाचणी घ्यायची, तर गाडीला आधी वेग घ्यावा लागतो आणि मग ती थांबवून पाहावी लागते. त्यासाठी मोकळी, सरळ धाव हवी. राज्यातील अनेक परिवहन कार्यालयांपाशी अशी जागाच नव्हती. तरीही प्रमाणपत्रे मात्र नियमित निघत होती. गाडी न धावताच तिचे ब्रेक उत्तम असल्याची नोंद होत होती. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अडीचशे मीटरच्या चाचणी ट्रॅकचा आग्रह धरला आणि जेथे असा ट्रॅक नाही, तेथे नोव्हेंबर २०१७ पासून योग्यता तपासणी बंद करण्याची पाळी परिवहन विभागावर आली. या प्रकरणात पुढे निरीक्षकांवर निलंबनाची कारवाईही झाली.

आपल्या शहरापुरते बोलायचे, तर ही चाचणी शहराबाहेर करोडी शिवारातील ट्रॅकवर गेली. रेल्वे स्थानकाकडील कार्यालयाच्या आवारात दाटीवाटीने उभ्या राहणाऱ्या गाड्या एकदाच्या मोकळ्या धावेवर आल्या, हे चांगलेच झाले. अडीचशे मीटरचे महत्त्व ज्यांना वाटत नाही, त्यांनी शाळेतले भौतिकशास्त्र आठवावे. वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ३० किलोमीटरला जेमतेम थांबणारी गाडी ६० ला थांबेल, हा भ्रम आहे. उभ्या गाडीचे पेडल दाबून पाहणाऱ्या निरीक्षकाला हे अंतर दिसूच शकत नाही.

या प्रश्नाचा आपल्या शहराशी आणखी एक नाते सांगणारा पदर आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना ऐंशीच्या दशकात आला आणि त्याने या शहराचे नशीब पालटले. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळू लागल्या. ब्रेक आणि सस्पेन्शनचे सुटे भाग घडवणारी एंड्युरन्ससारखी कंपनी याच मातीत वाढली. बिडकीनला टोयोटाचा कारखाना यावा, यासाठी जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाशी सामंजस्य करार झाला. म्हणजे हे शहर गाड्या घडवणारे शहर आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नव्या गाडीची चाके रोलरवर फिरवून ब्रेक मोजले जातात, दिव्यांचा झोत कोठे पडतो ते पाहिले जाते, चाके सरळ रेषेत आहेत की नाहीत हे तपासले जाते. ही कामे रोज करणारे हजारो हात या शहरात आहेत. आणि त्याच शहरात १२ वर्षे राबलेली गाडी मात्र वर्षानुवर्षे डोळ्यांच्या अंदाजाने ‘पास’ होत राहिली. ज्या गाडीला तपासणीची गरज कमी, तिला यंत्र. आणि जिला गरज जास्त, तिला नजर!

यंत्र आले; तारीख लांबली

ही उलटी रीत सरळ करण्याचा प्रयत्न केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने हाती घेतला, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात स्वयंचलित चाचणी केंद्राची तरतूद आली आणि २३ सप्टेंबर २०२१ रोजी अशा केंद्रांची मान्यता, नियमन व नियंत्रण यांचे सविस्तर नियम प्रसिद्ध झाले. त्याआधी महाराष्ट्रात नाशिकला केंद्राच्या साह्याने यंत्राधारित तपासणी केंद्र उभे राहिलेच होते; परंतु ते अपवादासारखे होते. नव्या नियमांनी त्यास देशव्यापी रूप दिले.

या केंद्रात काय होते, हे सर्वसामान्य वाहनमालकाने समजून घ्यावे. गाडी रोलरवर चढते आणि प्रत्येक चाकाची ब्रेकची ताकद यंत्र मोजते. डावे चाक लवकर थांबते आणि उजवे उशिरा, असा दोष असेल, तर तोही आकड्यात दिसतो. ओल्या रस्त्यावर गाडी एका बाजूला का ओढली जाते, याचे उत्तर पुष्कळदा या आकड्यात असते. दिव्यांचा झोत, सस्पेन्शन, चाकांचे सरकणे, स्पीडोमीटरचा खरेपणा आणि धूर यांची मोजणी यंत्राने होते. टायर, काच, वायपर, हॉर्न, इंडिकेटर, रिफ्लेक्टर, परावर्तक पट्टी, आपत्कालीन दार अशा गोष्टी मात्र माणसानेच पाहायच्या असतात.

या नियमांतील दोन गोष्टी विशेष शहाणपणाच्या आहेत. पहिली अशी की, चाचणी केंद्र चालवणाऱ्याला गाडीदुरुस्तीचा, गाड्या विकण्याचा किंवा सुटे भाग विकण्याचा धंदा तेथे करता येत नाही. दोष काढणाराच दुरुस्ती करणारा असेल, तर नसलेले दोष सापडू लागतात. वैद्य आणि औषधविक्रेता एकच असल्यावर जे होते, तेच. दुसरी अशी की, चाचणीचे आकडे यंत्रातून थेट संगणकीय प्रणालीत जावेत, मधल्या हाताने ते बदलू नयेत, अशी रचना अपेक्षित आहे. गाडी अनुत्तीर्ण झाली, तर दुरुस्ती करून पुन्हा चाचणी देण्याची सोय आहे आणि निकाल अमान्य असल्यास अपिलाचाही मार्ग आहे.

परंतु चांगल्या नियमांना आपल्याकडे तारखांचे ग्रहण लागते. अवजड वाहनांसाठी १ एप्रिल २०२३ आणि हलक्या व मध्यम वाहतूक वाहनांसाठी १ जून २०२४ अशी सक्तीची मुदत प्रथम जाहीर झाली होती. ती पुढे १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत ढकलावी लागली. कारण उघड होते. केंद्रेच पुरेशी उभी राहिली नव्हती. परीक्षा सक्तीची करायची आणि परीक्षा केंद्र बांधायचे राहून जायचे, हा प्रकार आपल्या प्रशासनाला नवा नाही.

शिवाय यंत्र आले म्हणजे प्रामाणिकपणा आला, असेही मानू नये. यंत्र लाच घेत नाही, हे खरे. पण यंत्रासमोर कोणती गाडी उभी करायची, हे माणूसच ठरवतो. पीयूसीच्या टपरीवर काय चालते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला यावर अधिक भाष्य नको. गाडी दुसरीकडे उभी आणि प्रमाणपत्र मात्र हातात, हा अनुभव घेतलेले वाचक कमी नसतील. तेव्हा केंद्राचे लेखापरीक्षण नियमात आहे, तेवढे पुरेसे नाही. प्रत्येक केंद्रात किती गाड्या आल्या, किती अनुत्तीर्ण झाल्या आणि कोणत्या दोषासाठी, हे आकडे दर महिन्याला जनतेपुढे मांडले पाहिजेत. ज्या केंद्रात शंभरातली एकही गाडी नापास होत नाही, त्या केंद्राविषयी लोकांनाच शंका घेऊ द्यावी.

केंद्र शोधावे कसे?

हा प्रश्न साधा वाटतो. पण एजंटाचे पोट याच प्रश्नावर भरते. वाहनमालकाला तारीख ठाऊक नसते, केंद्र ठाऊक नसते, शुल्क ठाऊक नसते. म्हणून तो मध्यस्थाच्या दारात जातो. खरे तर यातील प्रत्येक गोष्ट आता घरबसल्या कळते. गाडीचा क्रमांक ‘एमपरिवहन’ या सरकारी ॲपवर टाकला की योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी यांच्या मुदती दिसतात. केंद्र शासनाच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर अर्ज, शुल्क आणि चाचणीची वेळ ही कामे होतात. मान्यताप्राप्त चाचणी केंद्रांची माहितीही तेथेच पाहावी. रस्त्याकडेच्या फलकावर वा कोणाच्या तोंडी माहितीवर विसंबू नये.

मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी धावपळ करणारा मालक हा एजंटाचा हक्काचा गिऱ्हाईक असतो. यास्तव महिनाभर आधी तारीख घ्यावी. चाचणीपूर्वी ओळखीच्या मेकॅनिककडून ब्रेक, टायर, दिवे आणि स्टिअरिंगमधील ढिलेपणा तपासून घ्यावा. आरसी, विमा, पीयूसी, परवाना आणि कर भरल्याची नोंद या गोष्टी सोबत असाव्यात. ज्या वाहनांना वेग नियंत्रक बंधनकारक आहे, त्यांनी तो चालू असल्याची खातरजमा करावी. घरगुती मोटारीची १५ वर्षे भरत आली असतील, तर मुदतीपूर्वी ६० दिवसांच्या आत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. एवढे केले, तर मध्यस्थाला द्यायच्या पैशात नवे ब्रेक लायनर येतात.

शहरातल्या माणसाला हे जमेल. पण संभाजीनगर जिल्हा म्हणजे केवळ जालना रोड नव्हे. सिल्लोडहून शहर साठ-पासष्ट किलोमीटर आहे. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचे सोयगाव तर त्याहून कितीतरी दूर. तेथल्या काळीपिवळीवाल्याने चाचणीसाठी येथवर यायचे, म्हणजे जाण्यायेण्याचे डिझेल, दिवसभराची बुडालेली कमाई आणि गाडी नापास झाली, तर पुन्हा तोच फेरा. पूर्वी तालुक्याच्या ठिकाणी भरणाऱ्या शिबिरांत ही कामे उरकली जात. ‘उरकली जात’ हाच शब्द योग्य आहे. कारण तेथे ट्रॅकही नव्हता आणि यंत्रही नव्हते. ती पद्धत बंद होणे इष्टच होते. परंतु तिच्या जागी काही उभे करणे हेही शासनाचेच काम होते. मालमोटारीवर बसवलेली फिरती चाचणी यंत्रे जगात अन्यत्र वापरली जातात. लांबच्या तालुक्यांत महिन्यातून ठरावीक दिवशी असे यंत्र नेणे अशक्य नाही. केंद्र गाडीपासून जितके दूर, तितका खोट्या प्रमाणपत्राचा मोह मोठा.

रिक्षावाल्याची बाजू

या विषयावर लिहिताना मध्यमवर्गीय लेखणी लगेच रिक्षाचालकावर घसरते. ते अन्यायाचे आहे. मुदत संपल्यावर नूतनीकरणास उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आकारण्याचा प्रश्न २०२४ मध्ये राज्यात पेटला, तेव्हा रिक्षा-टॅक्सी संघटना रस्त्यावर उतरल्या आणि शासनाला ती आकारणी थांबवावी लागली. वर्षभर आजारपणाने वा कर्जाच्या हप्त्याने गाडी उभी राहिलेल्या चालकाला १८ हजारांहून अधिक रुपयांचा भुर्दंड पडला असता. रिक्षाच्या टायरसाठी ज्याच्याजवळ पैसे नाहीत, त्याने एवढा दंड भरून मग टायर घ्यावेत, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नव्हती.

परंतु दंड मागे घेतला म्हणजे प्रश्न सुटला, असे समजणे हाही भाबडेपणा आहे. कारण गुळगुळीत टायरची रिक्षा ज्या चौकात घसरते, तेथे पहिला जीव त्या चालकाचाच धोक्यात असतो. वैध योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी दाव्यावर आक्षेप घेते आणि मग भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येण्याची भीती असते. म्हणजे न केलेली तपासणी गरिबालाच सर्वांत महाग पडते. उपाय दंडात नाही; तो सोय आणि मदत यांत आहे. रिक्षाचालकांच्या पतसंस्था आहेत, कामगार संघटना आहेत, सेवाभावी मंडळे आहेत. त्यांनी पासिंगच्या आधी टायर-ब्रेकसाठी छोटे बिनव्याजी कर्ज दिले, तर ते कोणत्याही मोफत पाणपोईइतकेच पुण्याचे काम ठरेल. शासनानेही वेळेवर येणाऱ्या चालकाला शुल्कात सूट द्यावी. उशिरा येणाऱ्यास शिक्षा करण्यापेक्षा वेळेवर येणाऱ्यास मान देणे, हे अधिक फलदायी असते.

समृद्धीवरचा धडा

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला आणि आपल्या जिल्ह्यातून ताशी शंभराहून अधिक वेगाने वाहने धावू लागली. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण होरपळून गेले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परिवहन विभागाच्या तपासात मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. हे मुद्दाम नमूद केले, कारण प्रत्येक अपघात यंत्राच्या माथी मारून माणसाला मोकळे सोडणे चुकीचे आहे. मात्र बस दाराच्या बाजूवर कलंडल्यावर आतली माणसे बाहेर का पडू शकली नाहीत, हा प्रश्न उरतोच. आपत्कालीन मार्ग उघडतो का, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, या गोष्टी तपासणीच्या यादीत शोभेसाठी नसतात. त्याआधी ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिकमध्ये खासगी बस ट्रेलरला धडकून पेटली, तेव्हाही १२ जण दगावले होते.

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात वैजापूरजवळ थांबलेल्या ट्रकवर टेम्पो ट्रॅव्हलर मागून आदळला आणि सैलानीबाबाच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्या १२ जणांचा अंत झाला. गाडीत प्रमाणाबाहेर माणसे होती. ट्रक परिवहन अधिकाऱ्यांनीच अडवल्याचा आरोप झाला आणि त्यांपैकी दोघांना अटकही झाली. तपासणी रस्त्यावर, रात्रीच्या अंधारात, धावत्या वाहनांच्या मध्ये का करावी लागते? कारण ती जेथे व्हायला हवी, तेथे ती झालेली नसते. केंद्रात चोख तपासणी झाली, तर रस्त्यावर गाड्या अडवण्याचे निमित्तच उरणार नाही आणि त्या निमित्तामागे दडलेले इतर व्यवहारही आटोक्यात येतील.

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. २०२३ मध्ये हा आकडा १ लाख ७२ हजारांच्याही पुढे गेला. कोणत्याही युद्धात एवढी माणसे गमावली असती, तर सारे राष्ट्र हादरले असते. यातील सर्व अपघात नादुरुस्त वाहनांमुळे होत नाहीत. वेग, मद्य, मोबाइल आणि खराब रस्ते यांचा वाटा मोठा आहे. परंतु चूक माणसाकडून होते, तेव्हाच चांगल्या ब्रेकची गरज सर्वाधिक असते. वाहनाची योग्यता ही माणसाच्या चुकीला मिळणारी शेवटची सवलत आहे.

मराठवाड्यात आणखी एक धोका दर हिवाळ्यात रस्त्यावर येतो. उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही आणि पुढे कानठळ्या बसवणारे गाणे. शेतीचा ट्रॅक्टर कायद्याने वाहतूक वाहनात मोडत नाही. म्हणून पासिंगचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. साखर कारखान्यांनी मनावर घेतले, तर हा प्रश्न एका हंगामात सुटेल. ज्या ट्रॉलीला मागे परावर्तक पट्टी नाही, तिचा ऊस काट्यावर घेतला जाणार नाही, एवढा फलक गेटवर लावला तरी पुरे.

आपले काय?

जगातील अनेक देशांनी घरगुती वाहनांनाही या शिस्तीतून सोडलेले नाही. ब्रिटनमध्ये ही चाचणी १९६० मध्ये १० वर्षांवरील गाड्यांसाठी सुरू झाली आणि १९६७ मध्ये ती ३ वर्षांवर आणली गेली. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘एमओटी’ची तारीख गॅसच्या बिलाइतकीच पाठ असते. त्या गाडीचा चाचणीचा इतिहास कोणालाही क्रमांकावरून पाहता येतो. त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्याची फसवणूक टळते. जर्मनीत आणि जपानमध्ये नव्या मोटारीला ३ वर्षांनी आणि पुढे दर २ वर्षांनी तपासणी द्यावी लागते. त्यांचे अंधानुकरण करावे, असे नाही. आपल्याकडील दुचाकींची संख्या पाहता उद्यापासून सर्वांना वार्षिक सक्ती करणे म्हणजे लाचेचा नवा बाजार उघडणे ठरेल. परंतु पहिली तपासणी १५ व्या वर्षी, हे अंतर फार मोठे आहे. केंद्रांचे जाळे पुरेसे झाल्यावर घरगुती मोटारीसाठी निदान आठव्या आणि बाराव्या वर्षी चाचणी ठेवावी. आज जुन्या गाडीला आवर घातला जातो तो शुल्काने. १५ वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० करण्यात आले. शुल्क वाढवल्याने गाडी सुरक्षित होत नाही. निगा राखलेली २० वर्षांची गाडी ही हेळसांड झालेल्या ७ वर्षांच्या गाडीपेक्षा बरी. वयाला शिक्षा करू नये, दोषाला करावी.

शासन काय करील ते करील. काही गोष्टी मात्र समाजाच्या हातात आहेत. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि त्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असणे अपेक्षित आहे. किती पालकांना आपल्या शाळेच्या समितीतील एक तरी नाव ठाऊक आहे? मुलाचे दप्तर, डबा, शिकवणी यांची आपण बारकाईने चौकशी करतो. ज्या व्हॅनमध्ये तो रोज दोन वेळा बसतो, तिचा क्रमांक ॲपवर टाकून पाहायला अर्धे मिनिट लागते. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक पालकाने हे अर्धे मिनिट द्यावे. मुदत संपलेली दिसली, तर व्हॅनच्या काकांशी भांडू नये. चार पालकांनी मिळून त्यांना चाचणीची तारीख घेऊन द्यावी आणि ती होईपर्यंत मुलांची दुसरी सोय करावी. लग्नाच्या वऱ्हाडासाठी वा यात्रेसाठी गाडी ठरवताना आपण भाडे आणि एसी यांवर घासाघीस करतो. त्यासोबत प्रमाणपत्राची तारीखही विचारावी. गिऱ्हाईक विचारू लागले की मालक आपोआप तयारीत राहतो.

गणेश मंडळे, गृहनिर्माण संस्था, महाविद्यालयांतील विद्यार्थी संघटना यांनी नवरात्रात एक दिवस आपल्या भागातील वाहनांच्या तपासणीसाठी द्यावा. वाळूज-शेंद्र्यातील अनुभवी तंत्रज्ञ या शहरात घरोघरी आहेत. त्यांना आमंत्रण देण्याचा अवकाश आहे. टायर, ब्रेक, दिवे आणि आरसे एवढ्या चार गोष्टी पाहायला यंत्र लागत नाही. यंत्राची परीक्षा वर्षातून एकदा असते. अभ्यास मात्र वर्षभराचा असतो. प्रमाणपत्राचा कागद पोलिसाला दाखवण्यासाठी असतो. रस्त्यावर समोरून येणाऱ्याला तो दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त आपली गाडी, आणि ती वेळेवर थांबते की नाही, एवढेच.